गणपत मिस्त्रींची टपली

करिश्मानं रायरीकर साहेबांच्या डोक्यात टपली मारली, तेव्हा मी पाहुण्यांसाठी बशांमध्ये चिवडा काढत होते. साहेबांच्या डोक्यावर केस नाहीत. त्यामुळे लेथ चालू असूनही टपलीचा आवाज शेडच्या दुसऱ्या टोकाला माझ्यापर्यंत आला. वळून पाहते तर साहेब एका हातानं टाळू धरून उभे, त्यांच्याबरोबर आलेले चौघे एकदम छताकडे बघायला लागलेले, आणि करिश्मा शांतपणे पुन्हा मशीनचं चाक फिरवतेय. आपण काही केलंय हे तिच्या गावीही नव्हतं.

साहेब साधे पाहुणे नव्हते. शेतीचे पंप बनवणाऱ्या ज्या कंपनीनं आमच्या केंद्राला धातू कातायचे लेथ दिले, हातमोजे दिले, तिथले ते मोठे अधिकारी. चौदा दिवसांनी आमच्या आठ मुलांची परीक्षा तेच घेणार होते आणि पास होणाऱ्यांना नोकरीही तेच देणार होते.

"करिश्मा!" मी ओरडले.

तिनं मशीन बंद केलं. साहेबांचा लाल झालेला माथा पाहिला, मग स्वतःचा डावा हात पाहिला.

"मी न्हाई मारलं मावशी," ती म्हणाली. "हात गेला."

हे अक्षरशः खरं होतं. पण ते साहेबांना कोण पटवणार? तुम्हाला पटवायचं तरी मला जरा मागं जावं लागेल.

मी प्रमिला इंगवले. ऐन तरुणपणी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडून द्यायची. "बोला कोल्हापूर, सातारा लाइनवर आहे" हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की झोपेतही म्हणते, असं आमचे हे सांगायचे. मग माझ्या खुर्चीच्या जागी कपाटाएवढं एक यंत्र आलं आणि मला तक्रारी लिहून घ्यायला बसवलं. तक्रारी बहुतेक त्या यंत्राच्याच असत. तेव्हापासून माझं आणि यंत्रांचं फारसं बरं नाही.

निवृत्त झाल्यावर मी 'उभारी' केंद्रात मार्गदर्शक म्हणून जायला लागले. उद्यमनगरच्या मागच्या अंगाला आमची शेड आहे. आसपासच्या वसाहतींमधली, दहावी-बारावीत अडकलेली मुलं तिथं कारागिरी शिकतात, आणि प्रत्येक मुलामागे माझ्यासारखं एक रिकामटेकडं मोठं माणूस असतं. आम्ही कारागिरी शिकवत नाही. आम्हाला येतच नाही. आम्ही दाखले काढून देतो, मुलाखतीत कसं बोलायचं ते घोकून घेतो, घरच्यांची समजूत घालतो, आणि नऊ वाजता मूल आलं नाही तर घरी जाऊन दार वाजवतो. या शेवटच्या कामात माझा हात धरणारं कोणी नाही.

करिश्मा आवळेचं दार मी अकरा वेळा वाजवलं. मुलगी एकोणीस वर्षांची, बारावीला दोन विषय राहिलेले, आणि मंगल कार्यालयांत पुऱ्या लाटायला जाणारी. तिची आई रंजना दारातच कमरेवर हात ठेवून उभी राहायची.

"पोरीच्या जातीनं लोखंडाचं काम करायचं? त्यापरास रत्नागिरीला माझ्या भनीकडं जाऊ दे. तिची पोरं तरी सांभाळंल."

अकराव्या खेपेला तह झाला. या वर्षीच्या परीक्षेत पास झाली तर करिश्मा कंपनीत. नापास झाली तर परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं रत्नागिरी. रंजनानं तेव्हाच बहिणीला कळवूनही टाकलं, आणि बहिणीनं धाकट्याला अंगणवाडीतून काढलं.

आता तुम्ही म्हणाल, हल्लीच्या दिवसांत हातानं लेथ कोण चालवतं? कारखान्यात पंपाचे हजार शाफ्ट, म्हणजे आतले फिरणारे दांडे, एकसारखे करायचे तर यंत्रं आपली आपण करतात, खरं आहे. पण वीस वर्षांचा जुना पंप विहिरीवर बंद पडला की त्याला लागणारा शाफ्ट एकच असतो, आणि तो त्याच पंपाच्या झिजेप्रमाणे घडवावा लागतो. तिथं माणसाचा हात लागतो. असे हात शहरात मोजके उरले होते, आणि त्यांतला पहिला नंबर गणपत मिस्त्रींचा.

मिस्त्रींचं वय चौऱ्याहत्तर. पंचेचाळीस वर्षं लेथवर काढलेली. केसाच्या निम्म्या जाडीचा फरक ते बोट फिरवून सांगायचे. 'सांगायचे' म्हणते, कारण चार वर्षांपूर्वी त्यांचे हात थरथरायला लागले. आता चहाचा कप धरायलाही दोन्ही हात लागतात आणि तरी निम्मा चहा बशीत. पण त्याच्या आधीच कंपनीनं त्यांचे हात उतरवून ठेवले होते.

ही उतरवण्याची युक्ती मला आल्हाद देवस्थळीनं समजावली. आल्हाद हा मोज्यांचं तंत्र सांभाळणारा कंपनीचा इंजिनिअर. वय सव्वीस, अत्यंत हुशार आणि अत्यंत घाबरट. तो म्हणाला, आपण बोट हलवतो तेव्हा कोपराखालच्या स्नायूंत बारीकशी वीज खेळते. ती कातडीवरून मोजता येते. मिस्त्रींना कोपरापर्यंतचे मोजे घालून तीनशे तास लेथवर काम करायला लावलं. कुठला स्नायू कधी आवळला, बोटांखाली किती दाब आला, चाकातून किती कंप जाणवला, सगळं नोंदलं गेलं.

"मग शिकणाऱ्यानं मोजा घातला, की त्याच्या बोटांना जाणवणारा कंप, दिवसाची वेळ, सगळं मोजा मिस्त्रींच्या नोंदींशी ताडून बघतो," आल्हाद म्हणाला. "असा कंप आला तेव्हा मिस्त्रींच्या हातानं काय केलं होतं? तेच करायला मोजा त्याच स्नायूंना हलकेच चेतवतो."

"म्हणजे शॉक देतो?"

"नाही हो काकू. लहानपणी कोणी आपलं मनगट धरून पाटीवर श्री गिरवून घेतला असेल ना? तसं. साठ-सत्तर तास गिरवलं की मेंदूला ते वळण आपलंच वाटायला लागतं. मग मोजा काढला तरी हात तसाच चालतो."

खरं सांगायचं तर मला त्या मोज्याचा मत्सर वाटला. मी अकरा वेळा दार वाजवलं, जातीचा दाखला काढायला चार हेलपाटे घातले, आणि पोरगी घरी जाऊन गुण कुणाचे गाते, तर मोज्याचे! "मावशी, मोजा घातला की मला लई शाना झाल्यागत वाटतंय," ती म्हणायची. कोल्हापूरच्या मुली स्वतःबद्दल मुलांसारखं बोलतात, त्याची मला सवय आहे. मोज्याच्या कौतुकाची नव्हती.

दुसऱ्या आठवड्यापासून मात्र गंमत सुरू झाली. आठही मुलं मशीन सुरू करण्याआधी चाकाला हात लावून तो कपाळाला लावायला लागली. त्यांत एक तर चर्चमध्ये जाणारा आणि एक नमाजी. ते एकवेळ ठीक. पण सकाळचे अकरा वाजले, की आठही जण मशीन थांबवून डाव्या तळव्यावर उजवा अंगठा चोळायचे, दोनदा टाळी झटकायचे आणि चिमूट खालच्या ओठाखाली ठेवायचे. हातात काहीच नाही! रोज शेडमध्ये येऊन कोपऱ्यात स्टुलावर बसणारे गणपत मिस्त्री नेमके त्याच वेळी खरी तंबाखू मळत असायचे.

दुसऱ्याच दिवशी रंजना शेडवर हजर.

"मावशी, पोरगी तंबाखू मळतीया!"

"अहो, हातात तंबाखू असते का?"

"तेच तर इचारतीया! लपवतीया कुठं?"

मी तिला मोज्याचं सगळं शास्त्र सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि जाताना करिश्माच्या पिशव्या उलट्यापालट्या करून पाहिल्या.

हे सगळं आम्ही हसण्यावारी नेत होतो, कारण काम उत्तम चाललं होतं. मुलं तोवर पितळेवर हात बसवत होती, आणि पितळ मऊ. पाहुणे आले त्या दिवशी साहेबांना दाखवायचं म्हणून करिश्माच्या मशीनवर पहिल्यांदा पोलादी सळई लावली. साहेब डाव्या बाजूला उभे राहिले, कारण पंखा तिथं आहे. पुढचं तुम्हाला माहीत आहेच.

"डावीकडं माझं शिकाऊ पोरगं उभं ऱ्हायचं," त्या दिवशी मिस्त्रींनी स्टुलावरून शांतपणे खुलासा केला. "चुकलं की टपली. त्याबिगर शिकतंय व्हय कोण?"

साहेबांनी चिवड्याला हात लावला नाही. परीक्षेत असला प्रकार पुन्हा झाला तर पास-नापास सोडाच, केंद्राचं काय करायचं ते आम्ही बघू, असं बोलून ते गाडीत बसले.

आल्हाद घामाघूम झाला होता. "दोन दिवसांत साफ करतो," तो म्हणाला. "कामाशी संबंध नसलेल्या सगळ्या हालचाली काढून टाकतो. आम्ही त्याला नॉइज म्हणतो."

"माझ्या हातात कामाबिगर काय बी न्हवतं," मिस्त्री म्हणाले.

"मिस्त्री, तंबाखू?"

"तंबाकूबिगर काम हुतंय व्हय?"

मला तेव्हा मिस्त्रींचा रागच आला होता. त्यांच्या टपलीची ख्याती मला ठाऊक होती. त्यांचा मुलगा प्रताप दहा वर्षं त्यांच्या डाव्या हाताला उभा राहिला. एक दिवस गिऱ्हाइकांसमोर टपली बसली, तसा तो मशीन बंद करून निघाला तो साताऱ्यालाच थांबला. तिथं त्याचं गॅरेज आहे. बापलेकांत बावीस वर्षं बोलणं नाही. विषय निघाला की मिस्त्री एवढंच म्हणायचे, "चुकत हुता म्हनून मारायचो."

साफ केलेले मोजे आले. नमस्कार गेला, तंबाखू गेली, टपली गेली. मुलं एकदम सभ्य झाली. मला वाटलं, सुटलो. आणि पोलादावर काम सुरू झाल्याच्या पहिल्याच दिवशी चार टुलं तुटली.

टूल म्हणजे लेथवरची कापणारी पात. सळई फिरते आणि पात तिला सोलत जाते. दुसऱ्या दिवशी सहा तुटली. आठांपैकी एकाही मुलाचा शाफ्ट पुरा होईना. मधेच मशीन किंचाळायचं आणि पात कडकन जायची. सगळ्यांत जास्त तुटली ती करिश्माची, कारण ती सगळ्यांत जास्त वेळ मशीनवर असायची.

परीक्षेला सहा दिवस उरले होते, तेव्हा ती मला शेडमागच्या नळापाशी सापडली. तोंड धुतेय असं दाखवत रडत होती.

"माझा हातच वाईट हाय मावशी. मोजा चांगला हाय, मशीन चांगलं हाय. ऱ्हायलं कोन? मीच की. जातो रत्नागिरीला."

माझा सगळा मत्सर तिथंच गळून पडला. लाज वाटली मला स्वतःची. पोरगी स्वतःचा हात नावडता करून बसली होती, आणि मी मोज्याशी भांडत होते.

मग मी मला जे येतं ते केलं. तक्रार घेतली. एक्स्चेंजमध्ये शिकलेली गोष्ट आहे: गिऱ्हाईक काय सांगतं ते नंतर ऐकायचं, आधी बिघाड किती वाजता झाला ते लिहायचं. मी आल्हादला समोर बसवला. "तू जे जे काढून टाकलंस, त्याची वेळेप्रमाणे यादी दे."

यादी आली. तंबाखू रोज अकरा आणि चार. नमस्कार सकाळी. टपल्या मात्र वेळीअवेळी, तीनशे तासांत दोनशे बारा.

"या वेळी मिस्त्रींच्या डावीकडं कोण होतं?" मी विचारलं.

आल्हादनं नोंद पाहिली. मग पुन्हा पाहिली. "कोणीच नाही, काकू. काचेच्या खोलीत एकटे होते. बाहेरचा आवाज नको म्हणून आम्ही कोणाला आत जाऊच देत नव्हतो."

"म्हणजे या माणसानं दोनशे बारा वेळा हवेला टपली मारली?"

आल्हाद पडद्यावर काहीतरी झपाझप सरकवत होता. प्रत्येक टपलीच्या जेमतेम अर्धा सेकंद आधी चाकातला कंप किंचित बदलला होता. इतका किंचित, की माणसाला कळणं शक्य नाही. आणि प्रत्येक टपलीनंतर मिस्त्रींनी पात बाहेर काढून धार लावली होती. दोनशे बाराच्या दोनशे बारा वेळा.

"पात बोथट झाली की ती सळईत रुतायला लागते," आल्हाद हळूहळू म्हणाला. "डावा हात पात पुढं सरकवणाऱ्या चाकावर असतो. तो उचलून लगेच उजव्यानं पात मागं घेतली नाही तर पात तुटणार. विचार करून काढायचा म्हटलं तर उशीर होतो. मिस्त्रींचा हात विचार करतच नव्हता. कंप आला की हात उठायचा. आणि पंचेचाळीस वर्षं तो उठून एकाच ठिकाणी जात होता."

"डाव्या हाताच्या पोराच्या डोक्यावर."

"हो. टपली काढली तेव्हा मी हात उचलणंच काढून टाकलं, काकू. ती एकच हालचाल आहे." त्यानं डोकं धरलं. "मी नॉइज म्हणून सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट पुसली."

आमच्या मागं स्टूल सरकल्याचा आवाज झाला. मिस्त्री कधी येऊन उभे राहिले होते कोण जाणे. त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती.

"म्हंजे बिघाड टुलाचा असायचा," ते म्हणाले.

"हो मिस्त्री."

"पोराचा न्हाई."

आल्हादनं माझ्याकडं पाहिलं.

"हात उठला की मला वाटायचं, पोरगं चुकलं असंल," मिस्त्री म्हणाले. "काय चुकलं ते बगायचो, आन बगितलं की काय तरी घावायचंच." ते परत जाऊन स्टुलावर बसले. त्या दिवशी चार वाजता त्यांनी तंबाखू मळली नाही.

आता प्रश्न टपली परत आणण्याचा. जुनी नोंद आल्हादकडं होती, पण साहेबांच्या मंजुरीशिवाय ती मोज्यात भरायची परवानगी नव्हती.

"माझी नोकरी जाईल, काकू."

"गेली तर इथं ये. तुझं नाव घालते केंद्रात. मार्गदर्शक मीच होते तुझी."

या धमकीचा परिणाम झाला असावा. त्यानं एका मोज्यात जुनी नोंद भरली आणि तो करिश्माच्या हातात दिला. चार दिवसांत हिचं जमलं तर बाकीच्यांचंही बघू, असं ठरलं.

पण टपलीला डोकं हवं. हवेत मारायला मिस्त्रींसारखी पंचेचाळीस वर्षांची सवय लागते. करिश्माचा हात उठून अर्ध्यावर घोटाळायचा आणि तेवढ्यात पात जायची. डोकं द्यायला कोणी तयार होईना. आल्हादनं एक तास दिलं आणि मग त्याला घरून महत्त्वाचा फोन आला. शेवटी मी लक्ष्मीपुरीच्या बाजारातून एक चांगला घसघशीत तांबडा भोपळा आणला आणि उंच स्टुलावर पंख्याखाली ठेवला. मिस्त्री उठले आणि त्यांनी आपली टोपी त्या भोपळ्याला घातली.

काम झकास सुरू झालं. मशीन घुमायचं, सळईवरून चकचकीत कीस सुटायचा, मधेच करिश्माचा हात उठायचा, टप्प! मग ती पात काढून धार लावायची आणि पुन्हा सुरू. पहिल्या दिवशी एक पात तुटली. दुसऱ्या दिवशी एकही नाही. तिसऱ्या दिवशी भोपळा तुटला. रंजना डबा घेऊन आली होती, तिनं भोपळ्याच्या फाकी पदरात घेतल्या आणि संध्याकाळी आमच्या सगळ्यांसाठी भाजी पाठवली.

"चवीला ग्वाड हाय," तिनं निरोप दिला होता. "आतनं मऊ झालता."

चौथ्या दिवशी नवा भोपळा, आणि मोजा काढून काम. उघड्या हातानंही टपली बरोबर बसली. करिश्मानं हात माझ्यासमोर धरला. "मावशी, बगा की. आता माझाच हाय."

परीक्षेच्या सकाळी रायरीकर साहेब आले, आणि येताना टोपी घालून आले. एकेका उमेदवाराला एक शाफ्ट आणि दोन पाती. मोजा चालणार नाही. दोन्ही पाती तुटल्या तर नापास. माप दोन शतांश मिलिमीटरच्या आत हवं. बाहेरची कुठलीही वस्तू आत आणायची नाही.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"भोपळा," मी म्हणाले.

"कशासाठी?"

मी सभ्य उत्तर शोधायला लागले. शिपाई भोपळा उचलून घेऊन गेला.

मग साहेब रिकाम्या झालेल्या जागी, पंख्याखाली, करिश्माच्या बरोबर डावीकडं उभे राहिले. उकडत होतं, म्हणून त्यांनी टोपी काढली.

मी दारात उभी होते. रंजनाही आली होती, हातात रत्नागिरीची पिशवी भरून. मशीन सुरू झालं. पाच मिनिटं सगळं ठीक होतं. मग करिश्माचा डावा हात चाकावरून उठला, खांद्यापर्यंत गेला, तिचं लक्ष त्या टकलाकडं गेलं आणि हात तिथंच थिजला. उजव्या हातानं पात मागं घ्यायचंही राहून गेलं. मशीन किंचाळलं. कडकन पहिली पात गेली.

"एक," साहेब म्हणाले.

करिश्मानं दुसरी पात बसवली. ती डावा हात चाकावरच आवरून धरायला बघत होती, म्हणजे विचार करत होती, आणि विचार केला की उशीर होतो हे आता मलाही माहीत होतं. मी साहेबांना काहीतरी खोटं सांगून बाहेर बोलवावं म्हणून पुढं झाले. पण माझ्या आधी कोपऱ्यातलं स्टूल सरकलं.

गणपत मिस्त्री एकेक पाऊल टाकत पंख्याखाली गेले.

"सायेब, जरा तिकडं सरका. ही जागा शिकाऊची हाय."

साहेब गोंधळून सरकले. मिस्त्रींनी टोपी काढून खिशात घातली आणि मान खाली घालून करिश्माच्या डाव्या हाताला उभे राहिले.

"आबा!" करिश्मा म्हणाली. "तुमास्नी कशी मारू?"

"भोपळ्याला इचारलं हुतंस? मशीन चालू कर."

तिनं मशीन चालू केलं. रंजनानं माझा दंड इतका आवळला होता की चार दिवस वळ राहिला. मशीन घुमत होतं, कीस सुटत होता, आणि एकदम, टप्प! मिस्त्रींचं डोकं हललं. करिश्मानं पात काढली, धार लावली, परत लावली. थोड्या वेळानं पुन्हा टप्प. आणि अगदी शेवटाला तिसरी, जरा जोरातच. मिस्त्री जागचे हलले नाहीत.

साहेबांनी शाफ्ट घेऊन मोजला. वळवून दुसऱ्या टोकाला मोजला. मग मधे मोजला. फरक एका शतांशाचा होता.

"हे... हे प्रत्येक वेळी करावं लागणार का?" त्यांनी आल्हादला विचारलं. आल्हादनं चाचरत सगळं खरं सांगून टाकलं, यादी, दोनशे बारा, जुनी नोंद, सगळं. मला वाटलं, गेली याची नोकरी. साहेबांनी आपल्या टाळूवरून हात फिरवला. मग म्हणाले, "म्हणजे त्या दिवशी माझी काही चूक नव्हती."

"नव्हती सर."

"आणि पात वाचली?"

"वाचली सर."

बाकीच्या सातांना जुन्या नोंदीचे मोजे सरावाला मिळाले, आणि साहेबांनी महिनाभरानं त्यांची पुन्हा परीक्षा घेतली. करिश्माच्या प्रमाणपत्रावर त्यांनी त्याच दिवशी सही केली. शेऱ्याच्या रकान्यात स्वतःच्या अक्षरात लिहिलं: 'काम उत्कृष्ट. उमेदवार मशीनवर असताना डावीकडे कोणीही उभे राहू नये.' रंजनानं तो कागद उलटासुलटा पाहिला, रत्नागिरीची पिशवी तिथंच फरशीवर उपडी केली आणि त्यातले करिश्माचे कपडे परत घडी करत बसली, उगीचच, डोळे पुसत.

मी आनंदानं चिवड्याच्या बशा भरत होते. मिस्त्री माझ्याजवळ आले. ते अजून डोकं चोळत होते.

"बाई, एवढं लागतंय व्हय वो हे?"

त्यांनी खिशातून फोन काढला. हात इतका हलत होता की पडद्यावरचं नाव सापडेना. त्यांनी फोन माझ्यापुढं धरला.

"सातारा लावून देता?"

प्रतापचा नंबर त्यात होता. बावीस वर्षांत किती फोन बदलले असतील, पण नंबर होता. मी लावला. पलीकडून "हॅलो" आल्याबरोबर माझ्या तोंडून चाळीस वर्षांपूर्वीचं वाक्य आपोआप निघालं, "बोला सातारा, कोल्हापूर लाइनवर आहे," आणि मी फोन मिस्त्रींच्या कानाला लावून धरला, कारण त्यांना तो धरवत नव्हता.

लाइन जुळली की ऐकायचं नाही, हा आमच्या खात्याचा नियम. मी तो नोकरीभर पाळला. त्या दिवशी मोडला.

"परताप," मिस्त्री म्हणाले. "लई लागायचं न्हवं रं?"

पलीकडं नुसता गॅरेजचा आवाज येत राहिला. मग तोही कोणीतरी बंद केला.

"लागायचं की, आबा."

"व्हय," मिस्त्री म्हणाले. "मला आज कळलं."